घरातला ट्रॅव्हल एजंट : तुम्हीच!

आजीचा हयातीचा दाखला, लाइट बिल, गॅस बुकिंग, धाकट्याच्या शाळेचा फॉर्म... घरातलं 'ऑनलाइन' म्हणून जे काही असतं ते आपोआप कोणाच्या गळ्यात पडतं? कॉलेजला जाणाऱ्या ताईच्या, नाहीतर दादाच्या. त्यात आता एका कामाची भर पडलीये. "मे महिन्यात बाहेर जाऊ या का सगळे? बाहेर म्हणजे बाहेरच हं! बघ ना जरा मोबाइलवर."

हे 'बाहेर' म्हणजे महाबळेश्वर नाही, गोवाही नाही. सरावलीत आमच्याच इमारतीतली दोन कुटुंबं गेल्या दोन उन्हाळ्यांत परदेशी जाऊन आली. एमआयडीसीत शिफ्ट करणारे, अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत राहणारे, बोईसर स्टेशनजवळ दुकान असणारे, सगळ्यांच्याच घरी हल्ली हा विषय निघतो. पॅकेजचे फोटो आई-बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि पुढची सगळी शोधाशोध आपल्याकडे. म्हणून हा लेख आई-बाबांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

तसं बघायला गेलं तर मराठी माणसाला परदेश दाखवण्याचं काम आपल्या पालघरकडे जुनंच आहे. 'केसरी टूर्स'चे केसरी पाटील मूळचे पालघर तालुक्यातल्या मथाणे गावचे. आधी शिक्षकाची नोकरी केली आणि वयाच्या पन्नाशीत, १९८४ मध्ये, स्वतःची टूर कंपनी काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं, असं कुणी म्हणालं तर आजीला विचारा, तिला नाव नक्की माहीत असेल. तेव्हा लोकांना हवा होता सगळं हातात आणून देणारा टूर मॅनेजर. आता निम्मं काम तुमच्या मोबाइलवर होतं. पण ते नीट करायचं तर मेमध्ये जाग येऊन चालत नाही.

आधी चार कॅलेंडरं

जागा नंतर. आधी घरातल्या प्रत्येकाचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा. धाकटा स्टेट बोर्डात असेल तर २०२५ पासून पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्यात. म्हणजे सुट्टी मेमध्ये आणि शाळा जूनच्या मध्यावर. सीबीएसईवाल्यांचं नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, सुट्टी त्यानंतर. आणि आपलं? मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये, टाइमटेबल कधी लागेल त्याचा नेम नाही. वर एटीकेटी असेल तर बघायलाच नको. बाबांची कंपनीतली रजा आणि शिफ्टची अदलाबदल हे चौथं कॅलेंडर. घरात कुणी दहावीत जाणार असेल तर क्लासची व्हेकेशन बॅच हे पाचवं.

या सगळ्यांत जो आठवडा रिकामा दिसतो, तोच तुमचा. बहुतेक वेळा तो एकच असतो. तेव्हा तो न बघता तिकीट काढू नका.

पासपोर्ट दिवाळीतच

शाळकरी मुलाचा पासपोर्ट काढताना मूल स्वतः केंद्रात हजर लागतं. अपॉइंटमेंट मालाड, अंधेरी किंवा ठाण्याला मिळाली तर सकाळच्या लोकलपासून आख्खा दिवस जातो आणि शाळा बुडते. म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकलेलं बरं.

साध्या ३६ पानी पासपोर्टची फी मोठ्यांना १,५०० रुपये, मुलांना १,००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. तिघं मोठे आणि एक लहान धरलं तर साध्या मार्गाने ५,५०० रुपये झाले, ते बजेटमध्ये पहिल्याच ओळीत लिहा. मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं, त्याला 'अ‍ॅनेक्श्चर डी' म्हणतात. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. पाचवीत काढलेला दहावीत संपतो. बरेच देश प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने वैधता मागतात. म्हणजे 'अजून चार महिने आहेत की' हे उत्तर विमानतळावर चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. आईचं तर माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. सगळे कागद टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरून उतरवून घ्या, आठवणीतून टाइप करू नका.

घरात लहान, बुकिंगला मोठे

गंमत म्हणजे, घरात आपल्याला अजून रात्री दहाला 'कुठे आहेस?' असा फोन येतो, पण बुकिंगच्या फॉर्मवर आपण 'अ‍ॅडल्ट' असतो. विमानात दोन ते बारा वर्षांपर्यंत 'चाइल्ड', बारा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. 'चाइल्ड' तिकीटही फार स्वस्त असतं असं नाही. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं. भावाचा बारावा वाढदिवस एप्रिलमध्ये असेल तर तो मेमध्ये मोठा माणूस झाला.

हॉटेलातही तेच. 'फॅमिली पॅकेज' म्हणून जाहिरातीत जो आकडा असतो, तो बहुधा दोन मोठे आणि दोन लहान असा धरलेला असतो. आपल्या घरात तिघं मोठे आणि एक लहान. मग एक्स्ट्रा बेड किंवा दुसरी खोली. पॅकेजची चौकशी करताना पहिलं वाक्य हेच बोला, म्हणजे खरा आकडा कळेल.

कुठे जायचं?

रीलमध्ये दिसतं तिथे, हे उत्तर नको. मेमध्ये तिथलं हवामान कसं असतं ते बघा. दुबईत पारा चाळिशीपार असतो. फुकेतच्या बाजूला मेमध्ये पावसाला सुरुवात होते. बालीत मात्र कोरडा हंगाम लागलेला असतो.

व्हिसाचं गणित वेगळं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, म्हणून तिकडे गर्दी वाढली. पण अशा सवलतींच्या मुदती आणि अटी बदलत राहतात. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन बघा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका. थायलंड, मलेशिया, सिंगापूर या तिन्ही ठिकाणी पोचण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. युरोपचं स्वप्न असेल तर शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वयाच्या मुलांना ४५ युरो झालीये.

आणि दोन देश असे आहेत जिथे आपल्याला व्हिसाच लागत नाही : नेपाळ आणि भूतान. नेपाळला विमानाने जायचं तर मोठ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. नुसतं आधार घेऊन निघू नका. (अठरा पूर्ण होऊनही मतदार कार्ड काढलं नसेल तर हे एक निमित्त.) भूतानला आपल्याकडून माणशी, रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. तिघं मोठे आणि अकरा वर्षांचा भाऊ, पाच रात्री, म्हणजे १८,००० अधिक ३,०००. एकूण २१,००० रुपये नुसतं शुल्क. राहणं-खाणं वेगळं.

आकडा कोण विचारणार?

आता मुख्य मुद्दा. घरात सगळे जागेबद्दल बोलतात, पैशाबद्दल कोणी बोलत नाही. बाबा म्हणतात, "तू ठरव, मी बघतो." हे 'मी बघतो' म्हणजे नक्की काय, ते आपण विचारत नाही.

आमच्याकडे सिंगापूर ठरत आलं होतं. सहावीतल्या भावाने शाळेत सांगूनही टाकलं होतं. मी एक्सेल शीट केली आणि 'पैसे कुठून' असा एक रकाना ठेवला. तो भरायला बाबांना दिला तेव्हा कळलं की माझ्या एमएच्या फीसाठी ठेवलेली एफडी ते मोडणार होते. कंपनीत ओव्हरटाइम पूर्वीसारखा राहिलेला नाही, हेही तेव्हाच समजलं. ते कधी बोलले नसते. मी हट्ट केला असता तर सिंगापूर झालंही असतं.

मग चौघं बसलो. प्रत्येकाने एकच इच्छा सांगायची. आईची होती : आठ दिवस गॅससमोर उभं राहायचं नाही. बाबांना डोंगर बघायचे होते. भावाला विमानात खिडकी हवी होती. सिंगापूर यातल्या कोणाच्याच यादीत नव्हतं. नेपाळ ठरलं, एफडी जिथल्या तिथे राहिली. भाऊ दोन दिवस फुगून बसला, मग पोखऱ्याचे व्हिडिओ बघायला लागला.

म्हणून सांगते, पैशाचा रकाना आधी भरून घ्या. पॅकेज घेणार असाल तर टीसीएस धरला आहे का, ते विचारा. तो कर बाबांच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो, पण बुकिंगच्या दिवशी खिशातून जातोच. टिप्स, दुपारचं जेवण, व्हिसा फी, रद्द केल्यास किती कापणार, हे लेखी मागा. बऱ्याच व्हिसांना बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न आणि कंपनीचं रजेचं पत्र लागतं. दुकान असेल तर गुमास्ता चालतो. पण आपल्याकडे किती तरी जणांचे बाबा ठेकेदाराकडे कामाला आहेत. तिथे रजेचं पत्र मिळणं सोपं नसतं. मैत्रिणीच्या घरी असं असेल तर 'तुम्ही का नाही जात?' हा प्रश्न गिळून टाका.

बोईसर ते टी-२

परदेशापेक्षा अवघड प्रवास कधी कधी विमानतळापर्यंतचा असतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. दिवसाचं विमान असेल तर लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे मेट्रो-३ पकडून पुढचंच स्टेशन टी-२. बॅगा कमी असतील तर हे जमतं. मध्यरात्रीचं विमान असेल तर मेट्रो नसते. मग गाडी, चिल्हार फाटा आणि हायवेचं ट्रॅफिक. दोन तास जास्तीचे धरा. तिकीट घेतानाच सुटायची आणि परत यायची वेळ बघा, कारण पहाटे तीनला उतरलात तर आजी-बॅगांसकट बोईसरला कसं यायचं हेही तुम्हालाच ठरवायचंय.

आईच्या पिशवीवर लक्ष ठेवा. दुबई किंवा सिंगापूरला जाताना खसखस चालत नाही, म्हणजे खसखस लावलेले अनारसेही नाहीत. सिंगापूरला च्युइंगमही नाही. सुके बोंबील न्यायचे की नाही यावर घरात वाद होईल. तो तुम्ही हरा, पण बॅगेत जाऊ देऊ नका, विमानात शेजारी बसणाऱ्यांचा विचार करा.

हे सगळं वाचून वाटेल, एवढा खटाटोप कशाला? पुढच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही नोकरीला लागाल आणि रजा मोजून मिळतील. धाकटा दहावीत जाईल. तेव्हा ही चार कॅलेंडरं जुळणं आणखी कठीण. या मेमध्ये एखादा आठवडा रिकामा दिसत असेल तर तो धरा. परदेश परवडत नसेल तर त्याच आठवड्यात दुसरीकडे जा. फक्त जागा ठरवण्याआधी बाबांच्या शेजारी बसून तो एक रकाना भरून घ्या.