दोन संख्यांचा शोध

बीजगणिताचे नाव काढले की आपल्या कलाशाखेच्या वर्गात हशा पिकतो. "त्यातून सुटलो म्हणून तर इकडे आलो," असे आपण म्हणतो. मीही त्यातलाच. दहावीला पहिल्या खेपेस मी गणितातच गेलो आणि पुरवणी परीक्षेत कसाबसा सुटलो. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेला मीच पहिला, त्यामुळे ते नापास होणे साऱ्या घराला लागले होते.

यंदा जून महिन्यात उर्शाला घरी असताना आठवीतली धाकटी बहीण वही घेऊन आली. उदाहरण होते : क्ष² + १३क्ष + ४० चे अवयव पाडा. मी पाठ असलेले उत्तर सांगितले : (क्ष + ५)(क्ष + ८). तिने विचारले, "दादा, पण पाच आणि आठच कसे सुचले?" मला सांगता येईना.

शेवटी मी भाताच्या रोपाचा वाफा काढला. म्हटले, लांबी आणि रुंदी मिळून १३ हात, क्षेत्र ४० चौरस हात. तर वाफा केवढा? ओटीवर विळ्याला धार लावत बसलेले आबा मान वर न करता म्हणाले, "पाच नि आठ. चार नि दहा धरलं तर चौदा व्हत्यात." आबांची शाळा चौथीत सुटली.

मित्रहो, अवयव पाडण्याचे मर्म एवढेच आहे. (क्ष + ५) ला (क्ष + ८) ने गुणले तर क्ष² + ८क्ष + ५क्ष + ४० येतात. मधली दोन पदे मिसळून १३क्ष होतात आणि ५ व ८ दिसेनासे होतात. अवयव पाडणे म्हणजे ती मिसळण पुन्हा वेगळी करणे. म्हणून अशा दोन संख्या शोधायच्या, की ज्यांचा गुणाकार शेवटचे पद देईल आणि बेरीज मधल्या पदाचा सहगुणक.

हा शोध आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. 'बीजगणिता'त वानरांचे एक उदाहरण येते. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे, उरलेले १२ डोंगरावर आहेत. तर एकूण वानर किती? मांडणी केली की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे समीकरण मिळते. बेरीज ६४, गुणाकार ७६८ : म्हणजे ४८ आणि १६. (क्ष − ४८)(क्ष − १६) = ०. गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे. म्हणून वानर ४८ किंवा १६. पडताळून पाहा, दोन्ही जुळतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एकच वानर बाहेर दिसतो. येथे क्ष² − ५५क्ष + २५० = ०; उत्तरे ५० आणि ५. परंतु ५ चा पाचवा भाग १; त्यातून ३ वजा कसे जाणार? म्हणून ५ हे उत्तर भास्कराचार्यांनी टाकून दिले. आकडेमोड दोन उत्तरे देते; त्यातले खरे कोणते, हे वानरांकडे पाहून ठरवावे लागते.

सगळ्याच राशी अशा सहज फुटत नाहीत. क्षेत्र ४० आणि बेरीज १५ असेल तर पूर्ण संख्यांची जोडी सापडत नाही. तेथे पूर्ण वर्ग करण्याची श्रीधराचार्यांची रीत कामी येते. ती भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानेच दिली आहे.

त्या दिवशी बहिणीने आबांना वही दाखवली. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणून त्यांनी पुन्हा विळा हाती घेतला. पुरवणी परीक्षेच्या वेळी मीही हेच म्हणत होतो. गणित आपल्या घरचे नव्हे, ही समजूत आम्हा दोघांची होती. उत्तर मात्र आबांनीच दिले होते.