भाच्याची मोटार आणि मामाचे तीन रविवार

गेल्या श्रावणात एका सकाळी आमचा भाचा पेढे घेऊन आला. नोकरीत कायम झाल्याचे पेढे. चहाचा पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याने खिशातून फोन काढला आणि एका तांबड्याभडक मोटारीचे चित्र माझ्या नाकासमोर धरले. "मामा, चार लाख जमलेत. दोन माझे, दोन आईनं दिलेत. ही घेऊ का?"

दोन आईचे, हे शब्द ऐकले आणि मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. आमच्या ताईचे यजमान आठ वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पश्चात बँकेत राहिलेल्या ठेवीतला तो तुकडा होता. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, गाडी कुठलीही घेऊ दे. मला त्यातलं काही कळत नाही. तो रात्री उशिरा यायचा असला तरी मला झोप लागली पाहिजे, एवढंच तू बघ."

वाचकहो, मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मोटारीतले मला कळते ते इतकेच, की जाहिरातीतली विशेषणे तपासून घ्यावीत. 'एकहाती', 'नव्यासारखी', 'डॉक्टरांनी वापरलेली' असली विशेषणे जिथे दाटीवाटीने उभी असतात, तिथे नाम बहुधा अशक्त असते. तेव्हा पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींना बरोबर घेतले आणि आम्ही तिघे तीन रविवार पुण्यात हिंडलो. त्या हिंडण्यात जे शिकलो, ते ज्यांच्या घरी असा एखादा तेवीस वर्षांचा चिरंजीव आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. भाच्याला हवी होती सलून. हा शब्द ऐकला की आपल्याला केशकर्तनालय आठवते. हल्ली तिलाच सेडान म्हणतात. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे वेगळी डिकी, अशी तीन खणांची बैठी मोटार. त्यातही ती 'स्पोर्टी' हवी. याला मी 'चपळ' म्हणतो. चपळाई नुसत्या वेगात नसते. वजनाच्या मानाने इंजिनात जोर असावा, वळणावर गाडी कलू नये, चाकाखालचा रस्ता सुकाणूवर हाताला कळावा आणि पाय ठेवताच ब्रेक लागावा. बैठ्या सलूनला हे गुण उंच गाड्यांपेक्षा सहज साधतात. शिवाय हल्ली नवी गाडी घेणारी कुटुंबे उंच एस.यू.व्ही.कडे वळली आहेत, त्यामुळे चांगल्या सलून जुन्या बाजारात रास्त भावात मिळतात. हा तरुणांचा फायदा.

भाच्याने वहीत यादीच केली होती. होंडा सिटी, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, ताकद सुमारे ११८ अश्वशक्ती. ह्युंदाईची २०११ मध्ये आलेली व्हर्ना, तिच्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची १२३. आपल्या चाकणला बनलेली फोक्सवागन व्हेंटो, १.६ लिटर, १०५. स्कोडा रॅपिडचे २०२० मध्ये आलेले एक लिटरचे टर्बो इंजिन, ११०. रांजणगावची फियाट लिनिया टी-जेट, ११४. आणि मारुतीची सियाझ, जिचे १.४ लिटरचे इंजिन ९२ अश्वशक्तीचे, पण खर्चाला हलकी.

मिस्त्रींनी यादीवरून बोट फिरवले आणि एकच प्रश्न विचारला. "दादा, हिचा सामान कुठं मिळतो ते बघितलं का?" प्रश्न मार्मिक होता. शेवरोले गाड्यांची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. फियाटच्या गाड्याही आता इथे नव्या मिळत नाहीत. फिएस्टा आणि लिनिया चालवायला गोड, म्हणून शौकीन त्यांच्यामागे असतात, आणि किंमतही उतरलेली असते. पण आधी मिस्त्री आणि सुटे भाग यांची सोय पाहावी, मग गाडी. दोन क्लचांच्या स्वयंचलित गिअरपेटीचेही तसेच. चालताना लोणी, बिघडली की खिशाला खिंडार.

पहिल्या रविवारी तांबडी गाडी पाहिली. रंग झळाळत होता, आत अत्तराचा वास. भाचा सुकाणूशी बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर चतुर्थीचा चंद्र उगवला. मिस्त्रींनी मात्र मागच्या आसनाचा पट्टा हातात घेतला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, आणि खालच्या भागावर मातकट तपकिरी रेघ. मग त्यांनी डिकीतले जादा चाक उचलले. खळग्यात वाळलेला गाळ. आसनांच्या रुळांवर गंज. "ही पाण्यात बुडालेली आहे," ते हळूच म्हणाले. पुराचे पाणी तारांच्या जोडांत शिरले, की गाडी आज चालते, उद्या चालते, आणि परवा पावसात भर रस्त्यात दिवे घालवते. भाचा परतीच्या वाटेवर काही बोलला नाही. ओंकारेश्वरापाशी आल्यावर एवढेच म्हणाला, "मामा, मी काल बयाणा देणार होतो."

दुसऱ्या रविवारची गाडी खरोखरच वेगवान होती. मिस्त्रींनी आगाऊ न कळवता सकाळी सातला गाठली, कारण इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे असते. तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. सतत निघणारा पांढरा दाट धूर म्हणजे थंड करणारे पाणी आत शिरत असावे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त होते आहे. इथे धूर नव्हता. पण सायलेन्सर बदललेला, फटफटीसारखा गर्जणारा. भाच्याला तो आवाज फार आवडला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत, हे त्याला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे व्याकरणाचा तास चालू असल्यासारखे पाहिले. मीटर चाळीस हजार दाखवत होते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. चारही टायरांची साले वेगवेगळी निघाली. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर नंबर घातला तेव्हा कळले, की गाडीवर बँकेचा बोजा अजून आहे. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय अशा गाडीला हात लावू नये.

त्या दिवशी भाचा रागावला. "तुम्हां दोघांना कुठलीच गाडी पसंत पडणार नाही!" मी त्याला घरी आणले, कागद घेतला आणि एक त्रैराशिक मांडले. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० चे १०० केले, तर वेग पावणेदोन पटींहून कमी वाढतो, पण ते अंतर जवळजवळ पावणेतीन पट होते. "अश्वशक्ती हवी तर घे," मी म्हटले, "पण आधी थांबण्याची शक्ती मोज." ए.बी.एस. म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जखडू न देणारी योजना. ती असली की ओल्या रस्त्यावरही गाडी वळवता येते. ती देशातल्या नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची झाली. चालकासाठी एअरबॅगही त्याच वर्षी. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असे नाही. स्वस्तातल्या आवृत्तीत बहुधा नसे. म्हणून वर्ष आणि रंग यांआधी हे दोन पाहावेत. भाचा कागदाकडे बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "आईनं तुला काही सांगितलंय का?" मी सांगितले.

तिसऱ्या रविवारी कोथरुडातल्या एका निवृत्त गृहस्थांची करड्या रंगाची होंडा सिटी पाहिली. २०१३ ची, मालक एकच, दोन एअरबॅगा, ए.बी.एस. त्यांनी प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेवार फाइलला लावून ठेवलेली. मिस्त्रींनी चांदणी चौकाच्या चढावर क्लच पाहिला, खड्ड्यातून नेऊन सस्पेन्शनचा आवाज ऐकला, सरळ रस्त्यावर सुकाणूवरचा हात सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते तपासले. मग भाच्याने चालवली. इंजिन वर चढताना जे गाते, ते त्याला ऐकू आले असावे. परतताना हसत होता.

किंमत ठरली तीन लाख तीस हजार. उरलेले सत्तर हजार मी खर्चू दिले नाहीत. जुन्या गाडीचा हा अलिखित नियम समजा: सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. चार टायर, बॅटरी, तेले, विमा आणि नावबदलीचा खर्च दाराशी उभाच असतो. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही पाहून घेतल्या. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१३ च्या गाडीला २०२८ मध्ये पुन्हा तपासणी करून पाच वर्षांची मुदत घ्यावी लागेल, हेही हिशेबात धरले.

विम्यात एक बारकावा आहे. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर इंजिनाच्या आकारावर ठरतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सी.सी.ला वर्षाला ३,४१६ रुपये होते, तर १५०० च्या वर ७,८९७. म्हणजे १.६ लिटरच्या हौसेला दुपटीहून जास्त मोजावे लागत होते. आणि जुन्या मालकाचा 'नो क्लेम' बोनस गाडीबरोबर येत नाही; तो माणसाचा असतो, मोटारीचा नव्हे.

शेवटचे आणि महत्त्वाचे: नावबदली. फॉर्म २९ आणि ३० भरून, एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. त्या निवृत्त गृहस्थांनी सह्या झाल्याशिवाय किल्ली दिली नाही. असा विक्रेता भेटला तर दोन पैसे जास्त द्यावेत.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. ताई पुढे बसली, भाचा सुकाणूशी आणि मी मागे. सिंहगड रस्त्यावर एक मोटार आम्हांला भर्रकन ओलांडून गेली. भाच्याचा पाय जरा हलला, मी आरशात पाहिले, त्यानेही पाहिले. पाय होता तिथेच राहिला. खडकवासल्याला पोहोचेपर्यंत ताईचा डोळा लागला होता.

ती जागी होईपर्यंत आम्ही दोघे मामाभाचे बाहेर उभे राहून कणसे खाल्ली. गाडीची परीक्षा तिथेच झाली असे मी समजतो.