संगणकातील मराठी मजकूर : साठवण, मोजणी आणि अनुक्रम

प्रस्तावना

'विद्यार्थी' या शब्दात अक्षरे किती, असा प्रश्न प्राथमिक शाळेच्या वर्गात विचारला तर 'तीन' असे उत्तर मिळते : वि, द्या, र्थी. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर उत्तर भाषेगणिक बदलते. गो आणि रस्ट या भाषा ३० सांगतात, जावा आणि पायथन १० सांगतात, तर स्विफ्ट आपल्या आवृत्तीनुसार ५ किंवा ३ सांगते. यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. प्रत्येक भाषा वेगळी वस्तू मोजत असते, एवढेच.

आपल्या महाविद्यालयांत संगणकाचे प्राथमिक धडे बहुधा इंग्रजी उदाहरणांवरून दिले जातात. इंग्रजीत हा भेद सहसा जाणवत नाही. परंतु तोच विद्यार्थी पुढे एखाद्या संस्थेसाठी प्रवेश-नोंदणीची आज्ञावली लिहितो, तेव्हा त्यात मराठी नावे येतात, आणि नाव अर्धवट कापले जाणे, शोधात न सापडणे असे प्रकार सुरू होतात. म्हणून संगणकीय भाषा मजकूर कसा साठवतात आणि त्यातील नेमका भाग कसा शोधतात, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१. चिन्हाला क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त संख्या कळते. त्यामुळे प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतात १२८ जागा होत्या. इंग्रजी मुळाक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे त्यात मावली, पण अन्य लिपींना त्यात स्थान नव्हते. भारतात इस्की हा संकेत तयार झाला व १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. देवनागरी, गुजराती, कन्नड, तेलुगू इत्यादी लिपींतील समान वर्णांना त्यात एकच क्रमांक होता. लिपी कोणती, हे वेगळ्या खुणेने सांगावे लागे.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी मात्र इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५ आहे. या क्रमांकाला पुढे 'संकेतांक' म्हटले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. संकेतांक पूर्ण अक्षराला नसून काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याची खूण यांनाही स्वतंत्रपणे दिलेला असतो. 'विद्यार्थी' हा शब्द व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, दीर्घ वेलांटी अशा दहा संकेतांकांनी बनतो. कागदावर 'वि' मधील वेलांटी आधी काढली जाते, पण साठवणीत ती 'व' च्या नंतर येते, कारण क्रम उच्चाराचा असतो. रफार डोक्यावर दिसत असला तरी साठवणीत 'र' आधी आणि 'थ' नंतर.

२. क्रमांकाची साठवण

संगणकाची स्मृती बाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच संख्या मावते. २३२५ ही संख्या एका बाइटमध्ये बसत नाही. ती अनेक बाइटमध्ये कशी मांडावी, याच्या तीन पद्धती आज रूढ आहेत.

यूटीएफ-३२ मध्ये प्रत्येक संकेतांकाला सरसकट ४ बाइट मिळतात. यूटीएफ-१६ मध्ये बहुतेकांना २ आणि ६५,५३५ च्या पुढील संकेतांकांना ४ बाइट लागतात. यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचली. तिच्यात आस्कीतील चिन्हांना १, अरबी-उर्दू लिपीच्या नेहमीच्या अक्षरांना २, देवनागरीला ३ आणि चेहऱ्यांच्या चित्रचिन्हांसारख्या पुढच्या संकेतांकांना ४ बाइट लागतात. 'क' हा यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटनी लिहिला जातो.

समजा, एका प्रकरणात २,००० संकेतांक आहेत. ते सर्व इंग्रजी असतील तर यूटीएफ-८ मध्ये २,०००, यूटीएफ-१६ मध्ये ४,००० आणि यूटीएफ-३२ मध्ये ८,००० बाइट लागतील. ते सर्व देवनागरी असतील तर हेच आकडे ६,०००, ४,००० आणि ८,००० होतात.

पालकांना पाठवायच्या मोबाइल संदेशातही हाच हिशेब असतो. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजीसाठी ७ बिटांचा संकेत वापरल्याने १६० चिन्हे बसतात. देवनागरीला प्रत्येकी २ बाइट लागत असल्याने ७० च बसतात, आणि त्यांत काना-वेलांट्याही मोजल्या जातात.

३. 'हजारावे चिन्ह द्या'

साठवण जितकी काटकसरीची, तितके नेमके स्थान शोधणे कष्टाचे, असा हा व्यवहार आहे. एका शेल्फवर सर्व पुस्तके सारख्याच जाडीची असतील तर शंभरावे पुस्तक किती अंतरावर आहे, हे गुणाकाराने सांगता येते. जाडी कमीजास्त असेल तर एकेक पुस्तक मोजत जावे लागते. यूटीएफ-३२ हे पहिल्या शेल्फसारखे आहे. हजारावे चिन्ह हवे असेल तर त्याआधीच्या ९९९ ला चाराने गुणले की जागा मिळते. यूटीएफ-८ हे दुसऱ्या शेल्फसारखे. तेथे मोजणी सुरुवातीपासून करावी लागते.

यूटीएफ-८ मध्ये मात्र एक सोय आहे. पहिल्या बाइटवरून एकूण बाइट किती हे कळते, आणि मागून येणारे बाइट नेहमी १२८ ते १९१ या टप्प्यातच असतात. त्यामुळे मजकुराच्या मध्येच कोठेही उतरले तरी जास्तीत जास्त तीन बाइट मागे जाऊन चिन्हाची सुरुवात सापडते.

४. निरनिराळ्या भाषांची निवड

सी ही भाषा मजकुराला बाइटची रांग समजते. शून्य आले की रांग संपली. यूटीएफ-८ मधील 'विद्यार्थी' ची लांबी ती ३० सांगते. पीएचपीचे नेहमीचे लांबी-फलनही बाइटच मोजते. चिन्हे मोजण्यासाठी वेगळे फलन वापरावे लागते.

जावा आणि जावास्क्रिप्ट या १९९५ मध्ये पुढे आलेल्या भाषा. त्या वेळी ६५,५३६ जागा जगातील सर्व लिपींना पुरतील अशी समजूत होती, म्हणून त्यांनी १६ बिटांचे एकक स्वीकारले. १९९६ मध्ये युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत जागांची मर्यादा ११,१४,११२ पर्यंत वाढली, पण या भाषांची मोजणी १६ बिटांचीच राहिली. हसऱ्या चेहऱ्याच्या एका चित्रचिन्हाची लांबी जावास्क्रिप्टमध्ये २ येते, ती यामुळे. देवनागरीचे नेहमीचे संकेतांक ६५,५३५ च्या आत असल्याने आपल्याला हा घोळ लवकर दिसत नाही. २०१७ मधील जावाच्या नवव्या आवृत्तीपासून निव्वळ रोमन मजकूर अंतर्गत १ बाइटमध्ये साठवला जातो. मोजणीची रीत मात्र बदललेली नाही.

पायथनने २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत निराळा मार्ग काढला. मजकुरातील सर्वांत मोठा संकेतांक पाहून ती भाषा संपूर्ण मजकुराला प्रत्येकी १, २ किंवा ४ बाइट देते. त्यामुळे स्थान चटकन सापडते. परंतु मराठी परिच्छेदात एकच चित्रचिन्ह आले की सगळा परिच्छेद २ वरून ४ बाइटवर जातो.

गो आणि रस्ट या नव्या भाषा यूटीएफ-८ थेट साठवतात व लांबी बाइटमध्ये सांगतात. रस्ट तर 'तिसरे चिन्ह द्या' अशी साधी अंकी मागणी मान्यच करत नाही, आणि एखाद्या चिन्हाच्या मधोमध मजकूर कापू पाहिल्यास आज्ञावली तेथेच थांबवते. अर्धवट अक्षर पुढे जाण्यापेक्षा चूक लगेच दिसलेली बरी, हा त्यामागचा विचार.

५. वाचकाचे अक्षर

वरील बहुतेक भाषा एक तर बाइट मोजतात किंवा संकेतांक. वाचक मात्र 'द्या' हे एकच अक्षर समजतो. पायथनमध्ये 'विद्यार्थी' मधील पहिले चिन्ह मागितले तर 'वि' न येता 'व' येतो. पहिली चार चिन्हे घेतली तर 'विद्' असा तुटका शब्द हाती लागतो. शब्द उलटा केला तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते.

स्विफ्ट ही भाषा वाचकाला दिसणारे अक्षर हेच एकक मानते. त्यासाठी युनिकोडने नियम घालून दिले आहेत. जुन्या नियमांनुसार पायमोडीनंतर तोड पडत असे, म्हणून वि-द्-या-र्-थी असे ५ भाग होत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरी, गुजराती, तेलुगू आदी लिपींची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला आणि उत्तर ३ झाले.

६. नावाचा प्रश्न

हा विषय केवळ तांत्रिक नाही, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. समजा, विद्यार्थ्याच्या नावासाठी २० बाइटची जागा ठेवली आहे आणि नाव आहे 'अब्दुल रहमान'. 'अब्दुल' चे सहा संकेतांक म्हणजे १८ बाइट, मधली मोकळी जागा १ बाइट, असे १९ झाले. विसाव्या बाइटमध्ये 'र' चा फक्त एक तृतीयांश भाग मावतो. छापताना 'अब्दुल' आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने २० म्हणजे वीस अक्षरे असे गृहीत धरलेले असते. डेटाबेसमध्येही काही ठिकाणी रकान्याची लांबी चिन्हांत, तर काही ठिकाणी बाइटमध्ये धरतात. ते आधी पाहून घ्यावे.

दुसरे उदाहरण नुक्त्याचे. 'फ़ातिमा' हे नाव दोन प्रकारे साठवता येते. नुक्त्यासह 'फ़' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहे, तसेच 'फ' आणि नुक्ता असे दोन संकेतांकही वापरता येतात. पहिल्या प्रकारात नावाची लांबी ६, दुसऱ्यात ७. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण सरळ तुलना केल्यास संगणक त्यांना भिन्न ठरवतो. प्रवेश-अर्ज एका कळफलकाने आणि परीक्षा-अर्ज दुसऱ्याने भरला गेला, तर एकाच मुलीच्या दोन नोंदी जुळत नाहीत, आणि कारण कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. यावर उपाय म्हणजे तुलनेपूर्वी दोन्ही नावांचे युनिकोडच्या नियमानुसार प्रमाणीकरण करणे. त्यानंतर दोन्हींची लांबी ७ होते आणि ती जुळतात. मराठीच्या रीतीने नुक्ता न देता लिहिलेले 'फातिमा' मात्र याने जुळत नाही. तो लेखनभेद असल्याने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागते.

उर्दूतही असेच घडते. अरबी कळफलकावरील काफ आणि ये यांचे संकेतांक उर्दूतील काफ आणि ये यांच्याहून वेगळे आहेत. शब्दाच्या मध्ये त्यांचे आकार बहुधा सारखेच दिसतात, शोध मात्र फसतो.

७. वर्गात काय करता येईल

पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना स्वतःचे नाव मराठीत लिहायला सांगावे. आधी हाताने अक्षरे मोजावीत, मग काना-मात्रा सुट्या करून संकेतांक मोजावेत, संकेतांकांना तीनने गुणून यूटीएफ-८ चे बाइट काढावेत, आणि शेवटी संगणकाचे उत्तर पडताळावे. मधल्या मोकळ्या जागेचा एकच बाइट धरायचा, हे कोणाच्या लक्षात येते तेही पाहावे.

जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल सोबत असल्यास उत्तम. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवण रोमन चिन्हांच्या क्रमांकांची आणि आकार तेवढे देवनागरीचे असतात. अशा मजकुरात युनिकोडमधील शब्द शोधून सापडत नाही. त्याचे आधी रूपांतर करावे लागते.

समारोप

मजकुराशी संबंधित आज्ञावली लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : मजकूर कोणत्या संकेतात आहे? ही भाषा लांबी कशात मोजते, बाइट, संकेतांक की अक्षर? आणि तुलनेपूर्वी प्रमाणीकरण झाले आहे काय? इंग्रजीपुरते शिकलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न सुचत नाहीत, कारण तेथे बाइट, संकेतांक आणि अक्षर यांचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते. मराठी शब्द समोर ठेवला की तिन्ही वेगळी होतात. या विषयापुरते तरी मराठी उदाहरण हे इंग्रजीपेक्षा अधिक चांगले शिकवते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.