धुरात मुरलेल्या आठवणी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेस, ब्लू रिज पर्वतराजीत अ‍ॅशव्हिल हे टुमदार शहर वसले आहे. फ्रेंच ब्रॉड नदीच्या काठी तेथे जुन्या गिरण्या आणि गोदामे होती. उद्योग आटले, इमारती ओस पडल्या, जागा स्वस्त झाल्या. मग चित्रकार, कुंभार, काचकाम करणारे कारागीर तेथे येऊन स्थिरावले. या 'रिव्हर आर्ट्‌स डिस्ट्रिक्ट'मध्ये 2005 साली एक छोटेसे बार्बेक्यू उपाहारगृह सुरू झाले. नाव 'ट्वेल्व्ह बोन्स', म्हणजे 'बारा हाडे'. डुकराच्या बरगड्यांच्या अख्ख्या पट्टीत साधारणपणे बारा-तेरा हाडे असतात, हे ध्यानी घेतले की या नावाचे कोडे उलगडते.

आपल्याकडे बार्बेक्यू म्हटले की निखाऱ्यावर झटपट भाजलेले, सळईत ओवलेले तुकडे डोळ्यांसमोर येतात. तिकडची रीत निराळी. तेथे हिकरीसारख्या लाकडाच्या धुरात, मंद आचेवर, मांस तासन्‌तास ठेवतात. घाई येथे कामाची नाही. त्यातून नॉर्थ कॅरोलिना हे या बाबतीत कमालीचे आग्रही राज्य! पूर्वेकडच्यांना अख्खे डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचे पातळ सॉस हवे. लेक्सिंग्टनच्या बाजूला खांद्याचे मांस आणि सॉसमध्ये थोडे टोमॅटो. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 'ट्वेल्व्ह बोन्स'ने दोन्ही पक्षांना बाजूला ठेवून बरगड्यांना चक्क ब्लूबेरी आणि धुरावलेल्या चिपोत्ले मिरचीचे सॉस लावले. परंपरेच्या अभिमान्यांनी नाके मुरडली असतीलही. रांग मात्र लांबतच गेली.

या उपाहारगृहाची सुरुवातीच्या काळातील वेळ बँक कर्मचाऱ्यांना गंमतीची वाटेल. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 11 ते दुपारी 4, शनिवार-रविवार बंद! पर्यटकांच्या गावात ऐन सुट्टीच्या दिवशी दार लावून घेण्यास धैर्यच हवे. एप्रिल 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा सपत्नीक येथे जेवावयास आले, तेही शुक्रवारीच. पुढे 2019 मध्ये उपाहारगृह जवळच्याच फाउंडी स्ट्रीटवर हलले. परिसर तोच राहिला, आणि नदीही तीच.

दि. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री 'हेलीन' चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अ‍ॅशव्हिलला त्याची झळ एवढी बसेल, असे कोणास वाटले असेल? परंतु आधीच्या पावसाने डोंगर भिजून गेले होते. दुसऱ्या दिवशी फ्रेंच ब्रॉडची पातळी 24.67 फुटांवर गेली आणि 1916 च्या महापुराचा 23.1 फुटांचा विक्रम मोडला. राज्यात शंभरांहून अधिक माणसे दगावली. नदीकाठची कलावस्ती पाण्याखाली गेली, तिच्याबरोबर 'ट्वेल्व्ह बोन्स'ही. ज्या सखल काठाने स्वस्त जागा देऊन या वस्तीस आसरा दिला, त्याच काठाने तिला बुडविले.

अशा हानीचा हिशेब मांडणे अवघड असते. अमेरिकेत इमारतीच्या सर्वसाधारण विम्यात पुराचा अंतर्भाव नसतो. त्यासाठी वेगळा पूरविमा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत व्यापारी इमारतीस कमाल 5 लाख डॉलर आणि आतील सामानास तेवढेच संरक्षण मिळते. बंद काळात बुडालेला धंदा मात्र त्यात धरला जात नाही. मग दुपारच्या रांगेतली ओळख, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा धुराचा वास, 'आज बरगड्या संपायच्या आत पोहोचू ना?' ही हुरहुर कोणत्या रकान्यात लिहावी? ताळेबंदात 'नावलौकिक' असा एक शब्द आहे खरा, पण तो मालकाच्या बाजूचा. गिऱ्हाइकाच्या बाजूस जे साठते त्यास शब्द नाही.

त्या दिवसांत शहरातील धूरभट्ट्या अगदीच विझल्या नव्हत्या. डाउनटाउनमधील 'बेअर्स स्मोकहाउस' या दुसऱ्या बार्बेक्यू उपाहारगृहात 'वर्ल्ड सेंट्रल किचन' या संस्थेने तळ ठोकला आणि तेथून आपद्‌ग्रस्तांना शिजलेले अन्न जाऊ लागले. पाण्याचा प्रश्न मात्र बिकट होता. जलवाहिन्या वाहून गेल्या होत्या, धरणाचे पाणी गढूळ झाले होते. नळाचे पाणी पिण्याजोगे झाल्याची घोषणा झाली ती 18 नोव्हेंबरला, तब्बल 53 दिवसांनी. उपाहारगृह चालविणाऱ्यास भांडी विसळण्यापासून बर्फापर्यंत सारे पाण्यावाचून अडते. तोवर ज्यांनी दारे उघडली, त्यांनी पाण्याच्या टाक्या बाहेरून आणून चूल पेटविली, आणि नेहमीची मंडळी तेथेही रांग लावून उभी राहिली.