परसातील कोंबडीची निवड : उष्णता आणि शांत स्वभाव

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनबहुल जिल्ह्यांत परसातील कोंबडी हे घरचे लहानसे धन आहे. अडीअडचणीला ती विकता येते, सणाला आणि पाहुण्याला उपयोगी पडते. अशा घरासाठी शांत जात कोणती, असा प्रश्न विचारला जातो. परंतु ‘शांत’ या शब्दात दोन भिन्न गुण सामावलेले आहेत : आवाज कमी असणे आणि स्वभाव सौम्य असणे. या दोहोंचा उष्णतेशी व वन्य भक्षकांशी कसा संबंध येतो, हे पाहिल्याविना प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

प्रथम उष्णतेचा विचार करू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणजे भोवतालची हवाच पक्ष्याच्या देहाहून अधिक तापलेली असते. अशा वेळी धापा टाकून श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडणे हाच तिचा मुख्य आधार उरतो. धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व त्याचा परिणाम म्हणून अंड्याचे कवच पातळ होते. देह जितका जड व पिसे जितकी दाट, तितकी ही अडचण मोठी. ऑर्पिंग्टन व कोचीन या जाती सौम्य स्वभावासाठी ख्यात आहेत. पण दोन्ही जड व दाट पिसांच्या असल्याने येथील उन्हाळा त्यांना मानवणारा नव्हे.

देशी जातींत असील उष्णता चांगली सोसतो. त्याची पिसे आखूड व अंगाबरोबर असतात. तो माणसाशी सौम्य, परंतु स्वजातीयांशी अत्यंत भांडखोर असतो. दोन नर एका परसात नांदत नाहीत. या भागातील कोंबडबाजार त्याच गुणावर चालत आला, जरी प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ व धार भागांतील कडकनाथ हलका, काटक व चपळ आहे. त्याचा नर सुमारे दीड किलो भरतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली वनराजा परसात वर्षाला सुमारे १०० ते ११० अंडी देते व स्वभावानेही शांत आहे. याखेरीज उघड्या मानेचा जनुकही विचारात घेण्याजोगा आहे. त्याच्या एका प्रतीने पिसारा सुमारे २० टक्के व दोन प्रतींनी सुमारे ४० टक्के घटतो, आणि उघडी त्वचा उष्णता सोडण्यास उपयोगी पडते.

आता आवाजाकडे वळू. परसातील मोठा आवाज नराचा. पहाटेचे आरवणे केवळ उजेडावर अवलंबून नसून पक्ष्याच्या अंगभूत कालमापनाने चालते, असे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. कळपातील वरचढ नर प्रथम आरवतो व इतर त्याच्यामागून, हे २०१५ साली. सबब आवाज कमी करण्याचा खरा उपाय जात बदलण्यात नसून नरांची संख्या कमी करण्यात आहे. अंडी केवळ खाण्यासाठी हवी असल्यास नराची गरजच नाही. पिले हवी असल्यास एक नर पुरे. मादीचे अंडे दिल्यानंतरचे ओरडणे अल्पकाळचे असते, आणि शिक्रा किंवा मुंगूस दिसताच तिने दिलेला इशारा तर पिलांचे प्राण वाचवितो. जड व निर्भय कोंबडीला पळणे आणि झाडावर चढणे जमत नाही. रानालगतच्या परसात तिचा शांतपणाच तिच्या जिवावर बेततो.

अखेरची कसोटी प्रजननाची. देशी कोंबडी अंडी कमी देते, पण खुडूक बसून स्वतःच्या पिलांचा सांभाळ करते. वनराजा सहसा खुडूक बसत नाही, व तिच्या संकरित पुढील पिढीत मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. तेव्हा गावातील देशी वाण हटवून सर्वत्र सुधारित पक्षी आणल्यास प्रत्येक पिढीसाठी पिले विकत आणणे भाग पडते आणि घरचे धन बाहेरच्या पुरवठ्यावर विसंबून राहते. म्हणून हलक्या देशी माद्या मुळाशी ठेवाव्यात, नर एकच असावा, अधिक अंड्यांसाठी दोन-चार सुधारित माद्या जोडाव्यात, आणि खुराडे सावलीत, हवेशीर, परंतु भक्षकांपासून बंदिस्त असावे. शांतपणा हा जातीचा गुण आहे, तितकाच तो मांडणीचाही आहे.