छोटा बदल, मोठं विमान : फ्लाइटगिअरच्या निमित्ताने

या मालेत आपण ‘बदल आणि सातत्य’ या विषयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघत आहोत. आजचं उदाहरण जरा अनपेक्षित वाटेल. ते आहे संगणकावरच्या एका विमानाचं. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं त्यात काय काम, असं काहींना वाटेल. पण एखादी वस्तू रोज थोडी थोडी बदलत गेली तर ती ‘तीच’ राहते का, आणि त्या बदलांची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आमच्याच घरचे आहेत. इथे ते फार स्वच्छ दिसतात, कारण इथे प्रत्येक बदलाची नोंद आहे.

फ्लाइटगिअर हा एक मुक्तस्रोत फ्लाइट सिम्युलेटर आहे. मुक्तस्रोत म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आणि तो ज्या परवान्याखाली दिलेला आहे त्याच्या अटी पाळून पुढे वाटू शकतो. १९९६ साली हा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला विमानाच्या गतीचं गणित लार्कसिम नावाच्या प्रणालीतून घेतलेलं होतं. ती नासाच्या लँग्ली केंद्रातली. पुढे तिची जागा मुख्यतः जेएसबीसिम आणि यासिम या दोन प्रणालींनी घेतली. पडद्यावर चित्र काढणारा भाग आधी पीलिब नावाच्या ग्रंथालयावर उभा होता. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या १.९ आवृत्तीपासून तो ओपनसीनग्राफवर आला. म्हणजे बघा, विमान उडवणारं गणित बदललं, दिसणारं चित्र बदललं, लिहिणारी माणसं बदलली. तरी लोक म्हणतात, हे तेच फ्लाइटगिअर.

आता हे बदल होतात कसे, ते आधी समजून घेऊ. कोणी एक दिवस उठून सगळं नव्याने लिहीत नाही. एक माणूस चार ओळी बदलतो. कुठल्या ओळी काढल्या आणि कुठल्या घातल्या, एवढंच दाखवणारा ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम १९७० च्या दशकात युनिक्सवर आला. तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर चढवणारा ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. आपल्याकडे शिंपी ठिगळ लावतो, तसाच हा शब्द. या दोन साध्या साधनांमुळे एक गोष्ट शक्य झाली. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना एकाच कापडावर काम करता यायला लागलं.

आज हे काम ‘गिट’ नावाच्या प्रणालीत चालतं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिहिली. तिच्यात प्रत्येक बदलाच्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कमिटमध्ये कोणी बदल केला, केव्हा केला आणि का केला हे लिहिलेलं असतं. हा ‘का’ महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे आपण परत येऊ.

आधी ओळखीचा प्रश्न घेऊ. आपल्या वैशेषिकांचं एक मत फार कडक आहे. वस्त्राचा एक तुकडा फाटून गेला, तर ते म्हणतात, जुनं वस्त्र नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांपासून नवं वस्त्र उत्पन्न झालं. अवयव बदलले की अवयवी बदलला. विद्यार्थ्यांना हे ऐकून हसू यायचं. पण गिट नेमकं असंच वागतं! प्रत्येक कमिटला चाळीस अक्षर-अंकांचं एक नाव मिळतं, आणि ते नाव संपूर्ण आशयावरून गणिताने काढलेलं असतं. लाखो ओळींमध्ये एक स्वल्पविराम बदला, नाव पूर्ण बदलतं. गिटच्या दृष्टीने ते दुसरं वस्त्र झालं.

मग सातत्य कुठून येतं? त्याच नावाच्या हिशेबात आधीच्या कमिटचं नावही मिसळलेलं असतं. म्हणजे मी काय आहे, यात मी कोणापासून आलो हे अंतर्भूत आहे. इथे आठवतात बौद्ध. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला दिव्याचं उदाहरण देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, अगदी परकी आहे असंही म्हणता येत नाही, कारण एकीतून दुसरी आलेली आहे. या प्रवाहाला त्यांनी संतान म्हटलं. फ्लाइटगिअर ‘तेच’ आहे ते या अर्थाने. त्यात न बदललेला असा कुठलाही गाभा दाखवायची गरज नाही. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर कसे आलो, हे दाखवता आलं की पुरे.

ठीक आहे. पण बदल छोटेच का करायचे? याचं उत्तर केवळ सावधगिरी असं नाही. त्यामागे एक तर्क आहे, तो नीट बघू.

समजा, सहा महिन्यांपूर्वी एक विमान धावपट्टीवरून सरळ उठत होतं आणि आज ते डावीकडे ओढतंय. मधल्या काळात सुमारे हजार कमिट झाले. दोषी कोणता? एकेक तपासायचा तर जन्म जाईल. म्हणून मधला, पाचशेवा घ्यायचा आणि उडवून बघायचं. तिथे विमान नीट उडालं तर दोष पुढच्या पाचशेत. बिघडलेलं असलं तर अलीकडच्या नव्हे, आधीच्या पाचशेत. पुन्हा अर्धे करायचे. दोनाचा दहावा घात १०२४ होतो, म्हणून साधारण दहा चाचण्यांत आपण एका कमिटवर येऊन ठेपतो. गिटमध्ये या कामासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे.

पण या युक्तीच्या अटी बघा. प्रत्येक कमिट स्वतःच्या पायावर उभा हवा. म्हणजे त्या टप्प्याचा प्रोग्रॅम बांधता आणि चालवता आला पाहिजे. अर्धवट काम मध्येच टाकून ठेवलं तर चाचणी तिथे अडते. फ्लाइटगिअरमध्ये आणखी एक गुंता आहे. त्याचा पाया सिमगिअर, मुख्य प्रोग्रॅम आणि विमानं-ध्वनी-चित्रं वगैरे सामग्री यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. एकीकडचा जुना टप्पा तपासायचा, तर दुसरीकडचा त्याच काळातला टप्पा जोडीला घ्यावा लागतो. आणि शेवटची अट, सापडलेला कमिट छोटा हवा. दहा चाचण्यांनंतर हाती चार ओळी आल्या तर कारण सापडलं. चार हजार ओळी आल्या तर आपण फक्त पत्ता शोधला, माणूस अजून सापडायचाच आहे.

म्हणजे छोटा बदल हा मुळात ज्ञानशास्त्राचा आग्रह आहे. कार्यावरून कारणाकडे परत जाता यावं, म्हणून पावलं छोटी टाकायची. कार्ल पॉपर यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात समाजसुधारणेविषयी याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. सगळं एकदम बदललं तर काय कशामुळे झालं हे कळत नाही, आणि मग चुकांमधून शिकताच येत नाही.

इथपर्यंत ऐकून वाटेल की छोटे बदल म्हणजे सर्व प्रश्नांचं उत्तर. तसं नाही. दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण यासिममध्ये छान दिसते. यासिमला विमानाचं वजन, पंखांची मापं, उतरतानाचा वेग, प्रवासाचा वेग अशी माहिती द्यायची. त्यावरून उरलेले आकडे ते स्वतः जुळवून घेतं. आता त्या जुळवणीच्या गणितात एक चूक सापडली असं समजा. ती दुरुस्त करणं योग्यच. पण अनेक विमानं करणाऱ्यांनी त्या चुकीच्या गणितासकट आपलं विमान नीट उडेपर्यंत आकडे घासूनपुसून बसवलेले असतात. गणित सुधारलं की त्यांची विमानं बिघडतात! दोष कोणाचा? सुधारणाऱ्याचाही नाही, विमान करणाऱ्याचाही नाही. यावर यासिमने काढलेला मार्ग असा की, विमानाच्या फाइलमध्ये आपण कोणत्या आवृत्तीचं गणित धरून चाललो आहोत हे लिहायची सोय केली. काहीच लिहिलं नसेल तर जुनं वागणं चालू राहतं. म्हणजे चूक दुरुस्त झाली, आणि तिच्यावर विसंबलेल्यांसाठी ती मुद्दाम राखूनही ठेवली. कायद्यात जुन्या करारांना जुने नियम लागू ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. यात किंमतही आहे. ते जुनं गणित पुढे कोणाला तरी सांभाळत बसावं लागतं.

दुसरी अडचण साचण्याची. सिम्युलेटरमधलं विमान मुळी सलग उडतच नाही. ते छोट्या उड्या मारतं. फ्लाइटगिअरमध्ये गतीचं गणित साधारणपणे सेकंदाला १२० वेळा होतं. एक साधा हिशेब करू. दगड दोन सेकंद पडू द्या. खरं अंतर १९.६ मीटर. आता एकेक सेकंदाची पावलं टाका आणि प्रत्येक पावलात सुरुवातीचाच वेग धरा : पहिल्या सेकंदात शून्य, दुसऱ्यात ९.८. एकूण ९.८ मीटर, म्हणजे निम्मंच! अर्ध्या सेकंदाची पावलं घेतली तर उत्तर १४.७ येतं. १/१२० सेकंदाची घेतली तर चूक साधारण ८ सेंटिमीटर उरते. चूक लहान झाली, पण तिची दिशा एकच आहे, आणि ती दर पावलाला भरत जाते. म्हणून अशा गणितात याहून चांगल्या पद्धती वापरतात, आणि अधूनमधून एकूण उत्तर ताडून पाहतात.

हे खेळातल्या विमानापुरतं नाही. बोइंग ७३७ ला मूळ प्रमाणपत्र मिळालं १९६७ मध्ये. पुढचे प्रकार त्याच प्रमाणपत्रात दुरुस्त्या करत आले, ७३७ मॅक्ससुद्धा. मॅक्समधल्या एमकॅस या प्रणालीने शेपटीचा आडवा पंख एका वेळी जास्तीत जास्त ०.६ अंश फिरवायचा, असं सुरुवातीला ठरलं होतं. नंतर कमी वेगाच्या परिस्थितीसाठी ती मर्यादा २.५ अंश झाली. प्रणाली चालू व्हायला एकाच संवेदकाचं सांगणं पुरेसं ठरलं. आणि नियामकांकडच्या सुरक्षेच्या मूल्यमापनात जुनाच आकडा राहिला होता. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरचं आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोसळलं. दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. यातल्या प्रत्येक पावलाला त्या वेळी काही ना काही कारण दिलं गेलं होतं. पण या सगळ्या पावलांची बेरीज करून पुन्हा मुळापासून तपासणं, हे काम जसं व्हायला हवं होतं तसं झालं नाही.

आता ‘का’ कडे परत येऊ. बदल ‘काय’ झाला हे यंत्र सांगू शकतं, दोन प्रती शेजारी ठेवल्या की झालं. ‘का’ झाला हे फक्त करणाऱ्याला माहीत असतं, आणि त्याने त्या वेळी लिहिलं नाही तर ते कायमचं जातं. ‘मर्यादा वाढवली’ एवढी नोंद पुरेशी नाही. कोणत्या परिस्थितीसाठी वाढवली, कोणतं जुनं गृहीतक त्यामुळे मोडलं, ते गृहीतक आणखी कुठे कुठे वापरलेलं आहे, हे लिहिलं असेल तर पुढच्या माणसाला बेरीज करता येते. फ्लाइटगिअरसारख्या प्रकल्पात हे वाचायची मुभा कोणालाही आहे. म्हणून चूक होत नाही असं नव्हे. पण झालेली चूक लपून राहायला जागा कमी.

तेव्हा छोट्या पावलांवर विश्वास ठेवायला हरकत नाही, तीन गोष्टी सांभाळून. प्रत्येक पाऊल स्वतंत्रपणे तपासता येईल इतकं लहान असावं. त्याचं कारण लिहिलेलं असावं. आणि ठरावीक काळाने कोणीतरी मागे वळून पहिल्या पावलापासून इथपर्यंतचं अंतर मोजावं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते, कारण ते काम कुठल्याच एका बदलाच्या वाट्याला येत नाही. ते कोणाकडे सोपवायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. संस्था, कायदे, अभ्यासक्रम, घरातले रिवाजसुद्धा असेच चार-चार ओळींनी बदलत असतात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेला हे तीन निकष लावून बघा, आणि काय आढळलं ते पुढच्या वेळी चर्चेत सांगा. इथे थांबतो.