बांध, सायकल आणि डबा : कमी पैशात हॉलंड

दरवर्षी आपल्या कॉलेजातून दोन-चार जण तरी डेल्फ्ट, आइंडहोव्हन किंवा ट्वेंटेला एम.एस.साठी, नाहीतर सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी जातात. जाताना बॅगेत कुकर आणि लोणचं असतं, डोक्यावर बँकेचं कर्ज. मग होतं काय, की सगळा मुक्काम खोली ते लॅब आणि लॅब ते खोली एवढ्यातच संपतो. "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणता म्हणता माणूस देश न बघताच परत येतो. का रे बाबा, विचारलं तर उत्तर ठरलेलं, "परवडत नाही यार!"

खरं आहे. ॲमस्टरडॅममधल्या मोठ्या म्युझियमचं तिकीट २० ते २५ युरोच्या घरात आहे. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी दोन-अडीच हजार रुपये झाले. इथल्या मेसचं बिल डोळ्यांसमोर येतं आणि पाय मागे फिरतात. पण मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. त्या देशात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने बघावी अशी जी सर्वांत मोठी गोष्ट आहे, तिला तिकीट नाही. ती गोष्ट म्हणजे पाण्यातून काढलेली आणि रोज पंप चालवून टिकवलेली जमीन. ती सायकलवरून दिसते, बांधावर उभं राहून दिसते. हा लेख त्यासाठीच.

आधी जमीन समजून घेऊ

आपण सर्रास "हॉलंड" म्हणतो, पण देशाचं नाव नेदरलँड्स, म्हणजे खालचे प्रदेश. उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे त्याच्या १२ प्रांतांपैकी दोन. अख्खा देश महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा आणि त्यातली सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली.

तळं किंवा दलदल आटवून केलेल्या जमिनीला तिथे पोल्डर म्हणतात. रीत सोपी आहे. तळ्याभोवती गोल बांध घालायचा, बांधाबाहेर कालवा खणायचा आणि आतलं पाणी उपसून त्या कालव्यात टाकायचं. पूर्वी हे काम पवनचक्क्या करायच्या. एक चक्की पाणी साधारण दीड मीटरच उचलू शकते, म्हणून खोल जागी तीन-चार चक्क्या पायऱ्यांसारख्या एकामागे एक लावत. आता विजेचे आणि डिझेलचे पंप आहेत. मात्र काम संपलेलं नाही, कारण पाऊस पडतच राहतो आणि जमिनीतून पाणी झिरपतच राहतं. पंप थांबले की तळं परत यायला लागतं.

ही व्यवस्था सांभाळायला तिथे तेराव्या शतकापासून स्थानिक पाणी-मंडळं आहेत. त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात आणि लोक त्यांचा वेगळा कर भरतात. म्हणजे आपल्याला जे फुकट दिसतं, त्याचे पैसे तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या भरत आली आहेत.

ॲमस्टरडॅम : पाकीट न उघडता

सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूला बाहेर पडलं की आय नावाच्या पाण्यावरून फेऱ्या सुटतात. पायी आणि सायकलवाल्यांना त्या पूर्ण मोफत. बाउक्सलोटरवेखची फेरी काही मिनिटांत पलीकडे नेते आणि चोवीस तास चालते. एनडीएसएमची फेरी जरा लांबची, जुन्या जहाज-कारखान्यापर्यंत जाणारी. पैसे देऊन कालव्यातली बोट घेण्याआधी ही करून बघा.

दुसरं ठिकाण शहराच्या नगरभवनात, ज्याला लोक स्टोपेरा म्हणतात. इथे ॲमस्टरडॅमच्या प्रमाण पाणपातळीचं, म्हणजे एनएपीचं, शून्य दाखवणारा पितळी खिळा आहे. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण ज्याला बेंचमार्क म्हणतो, तो अख्ख्या देशाचा! शेजारी पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्या आहेत. दोन नळ्यांत समुद्राची त्या क्षणाची पातळी दिसते. तिसरीतलं पाणी पार डोक्यावर, ४.५५ मीटरवर. ती १९५३ च्या पुराची पातळी. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्या नळीपाशी मान वर करून दोन मिनिटं उभं राहिलं की पुढचं सगळं का बांधलं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

राइक्सम्युझियमच्या आत जायला तिकीट आहे, पण इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो तो सर्वांना खुला. तिथली बागही मोफत. स्टेशनजवळचं सार्वजनिक ग्रंथालय (२००७ साली सुरू झालेलं) पावसात बसायला उत्तम.

डेल्फ्ट ते रॉटरडॅम : एका दिवसाचा बेत

डेल्फ्टच्या जुन्या चर्चचा मनोरा सुमारे दोन मीटर कलला आहे. मनोऱ्यासाठी जागा करताना कालव्याचा भाग बुजवला आणि पाया त्या भरावावर आला असं सांगतात. फाउंडेशनचा धडा वर्गात न समजलेल्यांनी इथे येऊन बघावा! तिथून विद्यापीठात जा. १९९७ च्या ग्रंथालयाचं छप्पर म्हणजे उतरतं गवताचं मैदान आणि त्यातून वर आलेला एक शंकू. डेल्फ्टहून एक नंबरची ट्राम धरली तर ती द हेग ओलांडून थेट स्खेवेनिंगेनच्या समुद्रकिनाऱ्याला नेते. किनाऱ्यालाही तिकीट नाही, बरं का.

दुसरीकडे रॉटरडॅम, रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटं. १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर बेचिराख झालं, म्हणून इथे सगळं नवं. ८०० मीटर लांबीचा इरॅस्मस पूल (१९९६) पायी ओलांडा. मग मास बोगदा शोधा. १९४२ साली खुला झालेल्या या बोगद्यात पादचारी आणि सायकली यांच्यासाठी वेगळ्या नळ्या आहेत. लाकडी सरकत्या जिन्यावर सायकल धरून खाली उतरायचं आणि नदीखालून पलीकडे जायचं, एक पैसा न देता. बोगद्याचे तुकडे कोरड्या जागी बांधले, पाण्यावर तरंगवत आणले आणि बुडवून जोडले.

हीच तरंगवा आणि बुडवा ही युक्ती मोठ्या प्रमाणावर बघायची तर हुक ऑफ हॉलंडच्या बाजूला मासलांट अडसर आहे. रॉटरडॅमहून मेट्रो हुकपर्यंत जाते, पुढे सायकल. रॉटरडॅम बंदरात जहाजं येत-जात असल्याने नदीवर कायमचं धरण बांधता येत नव्हतं. म्हणून दोन्ही काठांवर २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच असे दोन वक्र दरवाजे ठेवले. एरवी ते काठावरच्या गोदीत विसावलेले असतात. वादळात ते तरंगत नदीच्या मध्ये येतात, पोटात पाणी भरून घेतात आणि तळाशी बसतात. प्रत्येक दरवाजा ज्या सांध्यावर फिरतो तो पोलादी गोळा १० मीटर व्यासाचा, ६८० टन वजनाचा. बंद करायचा निर्णय संगणक घेतो. १९९७ मध्ये सुरू झालेला हा अडसर वादळी भरतीमुळे आपोआप बंद झाला तो पहिल्यांदा २१ डिसेंबर २०२३ ला. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास त्याची चाचणी होते, तेव्हा काठावर बघ्यांची गर्दी असते. मेकॅनिकलवाल्यांनी तो दिवस चुकवू नये.

खेड्यांकडे

किंडरडाइकला १९ पवनचक्क्या दिसतात, बहुतेक १७३८ ते १७४० मधल्या. चक्कीच्या आत जायला तिकीट आहे, पण कालव्याकडेचा रस्ता सार्वजनिक आहे, तिथून चालत किंवा सायकलने सगळ्या बघता येतात. रॉटरडॅमहून नदीमार्गे बोटीने जाता येतं. दुसऱ्या महायुद्धात इंधन संपलं तेव्हा या म्हाताऱ्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसलं होतं.

ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर बेमस्टर आहे. १६१२ मध्ये आटवलेलं तळं, आज जागतिक वारसा. रस्ते आणि कालवे ड्रॉइंग-शीटवर टी-स्क्वेअरने आखावेत तसे सरळ. बांधावर सायकल थांबवा. एका हाताला कालव्याचं पाणी, दुसऱ्या हाताला त्याहून कितीतरी खाली शेतं आणि गाई! हे दृश्य कुठल्याही म्युझियमात मिळणार नाही.

ट्यूलिपसाठी कौकेनहोफ बागेला तिकीट लागतं. पण साधारण एप्रिलच्या मध्यात लिसे आणि हिलेखोमच्या आसपास सायकल फिरवली तर रंगांचे पट्टे रस्त्यावरूनच दिसतात. फक्त शेतात शिरू नका, ते शेतकऱ्याचं पीक आहे.

दोन तारखा लिहून ठेवा. मे महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार हा पवनचक्की दिन आणि सप्टेंबरचा दुसरा शनिवार-रविवार हा वास्तू दिन. तेव्हा एरवी बंद असलेल्या कितीतरी जागा मोफत उघडतात. इतर दिवशीही चक्कीवर निळी पताका दिसली तर समजा, आत यायला परवानगी आहे.

सायकल आणि रेल्वे

देशात माणसं सुमारे १ कोटी ८० लाख, सायकली त्याहून जास्त. जास्त दिवस राहणार असाल तर जुनी सायकल विकत घ्या, कुलूप मात्र चांगलं घ्या. खेड्यांतल्या सायकल-रस्त्यांच्या चौकांना नंबर दिलेले असतात. ४२, ४५, ६१ असे आकडे कागदावर लिहून निघायचं, पाट्या बघत जायचं, नकाशाची गरज पडत नाही. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण-इंजिनिअरची.

चढ नाहीत, पण वारा आहे. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परत येताना तो पाठीशी असतो. रात्री दिवा हवाच. मोबाईल हातात धरून सायकल चालवायला जुलै २०१९ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे.

रेल्वे महाग. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळा टाळल्या तर सवलतीच्या मासिक योजनेत ४० टक्के कमी पडतात. अशी योजना घेतलेला एक जण आपल्यासोबत आणखी तिघांना त्याच सवलतीत नेऊ शकतो, तेव्हा चौघांचा ग्रुप करा. चढताना कार्ड लावलं तसं उतरतानाही त्याच कार्डाने लावायचं, नाहीतर रेल्वेत २० युरोपर्यंत फटका बसतो.

पोट आणि पाठ

नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली सोबत ठेवा. सुपरमार्केटमधून पाव, चीज आणि फळं घेतली की दुपार निघते. घरचा डबा नेला तर आणखी चांगलं. गोरे लोकही डबाच खातात, लाजायचं काही कारण नाही. गरम जेवायचं असेल तर सुरिनामी दुकान शोधा, विशेषतः द हेगमध्ये. १८७३ पासून भोजपुरी मुलखातले मजूर करारावर डच सुरिनामला नेले गेले आणि १९७५ च्या सुमारास त्यांचे कितीतरी वंशज नेदरलँड्समध्ये आले. त्यांच्या रोटीसोबत बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी मिळते. शाकाहारी मंडळींचा प्रश्न सुटला!

मुक्काम शक्यतो ॲमस्टरडॅमबाहेर करा, तिथे २०२४ पासून राहण्याच्या बिलावर १२.५ टक्के पर्यटन कर आहे. सायकलने किंवा पायी फिरणाऱ्यांसाठी एक संस्था आहे, तिचं नाव "सायकलवरचे मित्र" अशा अर्थाचं. तिचं सभासद झालं की लोकांच्या घरी माफक ठराविक दरात खोली आणि नाश्ता मिळतो. तंबू मात्र कुठेही ठोकता येत नाही, त्याला बंदी आहे.

तेव्हा पुढच्या सेमिस्टरला जाणाऱ्यांनी कुकरसोबत एक रेनकोटही बॅगेत टाकावा. कर्ज फेडायचंच आहे, ते कोणाला चुकलेलं नाही. पण महिन्यातून एक रविवार, एक डबा आणि एक सायकल एवढं बाजूला काढलं तर घरच्यांच्या पैशाला धक्का न लावता हा देश बघून होतो. आणि परत आल्यावर, मंडळी, हॉस्टेलच्या गच्चीवर पोरं विचारतील "काय बघितलंस रे?", तेव्हा सांगायला एका संबंध रात्रीचा ऐवज असेल.